जिना गेला, पाय गेले

बस थांब्यावर नीट थांबलेली होती. ड्रायव्हरने गाडी हलवली नव्हती, मागून कोणी ढकललं नव्हतं, पायरी ओली नव्हती. मला लालबागहून भायखळ्याला जायचं होतं. उजवा पाय पायरीवर ठेवला, दांडा धरला आणि अंग उचलायला गेलो, तर अंग वर येईचना. दुखलं काहीच नाही. गुडघ्यात कळ नाही, कमरेत लचक नाही. वर जायला जे बळ लागतं ते त्या क्षणी मांडीत नव्हतं, एवढंच. दांड्याला लोंबकळून दुसऱ्या झटक्याला चढलो. आतला कंडक्टर पोरगा म्हणाला, "सावकाश आजोबा, घाई नाही."

तो चांगुलपणाने बोलला. पण मी स्वतः बेस्टमध्ये १९८४ ते २०१६ अशी बत्तीस वर्षं काढलेली. त्यातली पहिली वीस कंडक्टर म्हणून, आणि त्यातली बरीचशी डबलडेकरवर. खांद्याला चामडी पिशवी, एका हातात तिकिटांची पेटी, दुसऱ्यात पंच, आणि गाडी मरीन ड्राइव्हच्या वळणावर कलली तरी दांडा न धरता पैसे मोजणारा माणूस मी. त्या माणसाला आज थांबलेल्या गाडीत चढता येत नव्हतं. गेल्या वर्षीच्या फेब्रुवारीतली ही गोष्ट. घरी कोणाला सांगितली नाही.

सांगावी लागलीच नाही. माझी भाची फिजिओथेरपिस्ट आहे. दोन रविवारांनी ती जेवायला आली होती. जेवण झाल्यावर मी सोफ्यावरून उठलो तेव्हा तिने पाहिलं, की मी दोन्ही हात मांड्यांवर रोवून, पुढे एक झोका घेऊन उठतोय. माझं मलाही तोवर ठाऊक नव्हतं. "मामा, कधीपासून असं उठता?" म्हणाली. मी म्हटलं, "कसं?" तिने काही न बोलता डायनिंगची एक खुर्ची भिंतीला लावली, मला बसवलं, हात छातीवर आडवे घ्यायला सांगितले आणि मोबाइलवर घड्याळ लावलं. हात न टेकता पाच वेळा पूर्ण उभं राहायचं आणि बसायचं, जमेल तितक्या लवकर.

तिसऱ्या वेळेला मी श्वास रोखला. पाचव्या वेळेला खुर्चीवर बसलो नाही, पडलो. सोळा सेकंद.

"बाराच्या पुढे गेलं की आम्ही भुवया उंचावतो," ती म्हणाली. मग बॅगेतून मोठ्या स्टेपलरसारखं दिसणारं एक यंत्र काढलं आणि मुठीत दाबायला लावलं. उजव्या हाताने पंचवीस किलो. पुरुषाला निदान अठ्ठावीस हवेत, बाईला अठरा. शिंप्याची टेप पोटरीला लावली, साडेबत्तीस सेंटीमीटर. चौतीस हवे होते. शेवटी बाहेरच्या पॅसेजमध्ये खडूने सहा मीटर आखून चालायला लावलं. तिथे मात्र मी पास झालो. सेकंदाला एक मीटर हवं, माझं सव्वा मीटरच्या आसपास आलं. हे आकडे आशियातल्या निरनिराळ्या देशांतल्या तज्ज्ञांच्या गटाने २०१९ मध्ये आपल्याकडच्या अंगकाठीच्या लोकांसाठी ठरवलेले आहेत, असं तिने सांगितलं.

या प्रकाराला सार्कोपेनिया म्हणतात. ग्रीक शब्द आहे. मांस आणि कमतरता, एवढाच त्याचा अर्थ. हे नाव १९८९ साली अर्विन रोझेनबर्ग नावाच्या अमेरिकन डॉक्टरने दिलं, कारण म्हातारपणी स्नायू झडतात हे सगळ्यांना दिसत होतं, पण नाव नसल्यामुळे कोणी त्याकडे आजार म्हणून बघत नव्हतं. आपल्याकडे नाव होतंच की. 'अंग झडलं', 'पोटऱ्या सुकल्या', 'हातापायाच्या काड्या झाल्या'. फक्त हे बोलून झाल्यावर "वय झालं" म्हणून आपण पुढे चहा मागवतो. भाची म्हणाली, पक्कं निदान करायचं तर स्नायू किती उरलेत ते मशीनवर मोजावं लागेल, पण आजच्या आकड्यांवरून शक्यता दिसते आणि उपाय तसाही एकच आहे.

मला राग आला होता. मी रोज पहाटे राणीच्या बागेत तासभर चालतो. एक तास! पाऊस असला तर छत्री घेऊन चालतो. आमच्या ग्रुपमध्ये सगळ्यांत पुढे मी. मग पाय झडतील कसे?

"चालता म्हणूनच चालण्याच्या परीक्षेत पास झालात," ती म्हणाली.

हे वाक्य पचायला मला आठवडा लागला. तिने समजावलं ते असं. स्नायूत धाग्यांसारख्या पेशी असतात आणि त्यांच्या ढोबळ दोन जाती. एक चिवट, संथ, तासन्‌तास न दमणारी. दुसरी झटक्याची. क्षणात जोर लावणारी आणि लवकर दमणारी. सपाट रस्त्यावर चालायला पहिल्या जातीवर भागतं. पायरी चढायला, खाली बसून उठायला, ठेच लागल्यावर तोल सावरायला दुसरी लागते. वय वाढतं तशी हीच दुसरी जात आधी बारीक होते. शिवाय एकेक चेतापेशी मज्जारज्जूतून शेकडो धाग्यांना हुकूम सोडत असते. वयाबरोबर अशा काही चेतापेशी मरतात, त्यांचे धागे बेवारस होतात. काही धागे शेजारची चेतापेशी आपल्याकडे घेते, बाकीचे सुकतात. माझ्या भाषेत सांगायचं तर, डेपोतले जादा गाडीचे ड्रायव्हर-कंडक्टर वर्षानुवर्षं ड्युटीवर बोलावलेच नाहीत, तर काही रजेवर जातात, काही नोकरी सोडतात. गणपतीत गर्दी झाली, की मग कळतं माणसं नाहीत म्हणून. राणीच्या बागेतल्या माझ्या चालण्यात त्या झटक्याच्या धाग्यांना बोलावणंच जात नव्हतं.

पण मग इतकी वर्षं ते टिकले कसे? चाळीत असताना मी कुठे जिमला जात होतो?

याचं उत्तर मला एका रात्री संडासला उठलो तेव्हा मिळालं, अगदी कमोडवर बसल्या बसल्या.

चाळीत आम्ही तिसऱ्या मजल्यावर. दहा बाय पंधराची खोली, पुढे कॉमन गॅलरी, टोकाला सार्वजनिक संडास. जिन्याच्या चौसष्ट पायऱ्या. मोजलेल्या आहेत, कारण रात्रपाळी करून चढताना मोजल्याशिवाय त्या संपायच्या नाहीत. दूध, रेशन, रॉकेलचा डबा, वर्गणी, पोराची शाळा. दिवसातून चार-पाच वेळा तर चढणं व्हायचंच. जेवण खाली बसून. रात्री गाद्या घालायच्या, सकाळी गुंडाळून माळ्यावर टाकायच्या. संडास उकिडवं बसायचा, आणि बाहेर रांग, त्यामुळे उठायचं तेही झटक्यात! २०१३ साली टॉवरचा ताबा मिळाला. चौदावा मजला. दोन लिफ्ट, सोफा, डायनिंग टेबल, पलंग, कमोड. किल्ली हातात पडली त्या एका दिवसात माझ्या आयुष्यातून रोजच्या पंचवीस-तीस बैठका आणि अडीचशे-तीनशे पायऱ्या गेल्या आणि मला पत्ता नाही. आम्ही पेढे वाटत होतो. तोवर बेस्टमध्येही मी कंडक्टर राहिलो नव्हतो. शेवटची बारा वर्षं ऑफिसात खुर्चीवर बसून होतो.

चाळ चांगली होती असं म्हणणाऱ्यांतला मी नाही. पहाटे डबा घेऊन रांगेत उभं राहिलेला माणूस चाळीच्या आठवणींनी गहिवरत नाही. टॉवर मला हवाच होता. पण चाळीत जे फुकट आणि नकळत होत होतं ते टॉवरमध्ये ठरवून करावं लागणार, हे बिल्डरच्या करारात लिहिलेलं नव्हतं.

भाचीने आधी माझ्या डॉक्टरांकडे पाठवलं. मला बीपीची गोळी आहे, साखर काठावर आहे. एचबीएवनसी, म्हणजे गेल्या दोन-तीन महिन्यांच्या सरासरी साखरेचा आकडा, सहा पॉइंट तीन निघाला होता, म्हणजे अजून मधुमेह नाही, पण उंबऱ्यावर. ईसीजी काढला, गुडघे पाहिले, 'हळूहळू वाढवा' म्हणाले. मी भाचीला विचारलं, "सासष्टाव्या वर्षी मांस पुन्हा येतं का गं?" तिने मला बोस्टनची गोष्ट सांगितली. १९९० साली तिथल्या एका वृद्धाश्रमवजा रुग्णालयात मारिया फिआतारोने या डॉक्टरबाईंनी नव्वदीच्या आसपासच्या दहा अशक्त माणसांना घेतलं आणि आठ आठवडे पायांसाठी चांगलं जड वजन उचलायला लावलं. पायांची ताकद सरासरी १७४ टक्क्यांनी वाढली. दोघांनी काठी सोडली. "तुम्ही तर अजून पोरगे आहात, मामा."

सुरुवात अगदीच फुसकी होती. खुर्चीवर दोन उशा ठेवून त्यावरून उठायचं-बसायचं. दहा वेळा, तीन सेट. दोन आठवड्यांनी एक उशी काढली, मग दुसरी. स्वयंपाकघराच्या ओट्यावर हात टेकून तिरके जोर. चहा उकळेपर्यंत ओटा धरून टाचा वर-खाली. दात घासताना एका पायावर उभं राहायचं, बेसिनजवळ, हात टेकता येईल असं. आणि घरी येताना लिफ्टमधून बाराव्या मजल्यावर उतरायचं, वरचे दोन जिने पायांनी. लिफ्टमधले लोक विचारायचे, "बाराव्यावर कोणाकडे?" काही दिवस मी "मित्राकडे" असं सांगत होतो.

तीन आठवड्यांत खुर्चीवरून उठणं सोळावरून साडेतेरा सेकंदांवर आलं. मी पोटऱ्या मोजल्या, जशाच्या तशा. भाची म्हणाली, एवढ्यात मांस येत नसतं. सुरुवातीची ताकद ही मज्जातंतूंची शिकवणी असते. जे धागे आहेत त्यांतल्या जास्तीत जास्त धाग्यांना एकदम हाक मारायला मेंदू शिकतो. माणसं वाढली नाहीत, हजेरी वाढली. खरं मांस धरायला दोन-तीन महिने लागतात, आणि त्यासाठी वजन वाढत राहायला हवं.

वजनासाठी आमच्या टॉवरच्या पोडियमवरची जिम. सोसायटीने ट्रेडमिल घेतली होती त्यावर पावसाळ्यात वॉचमनचे रेनकोट वाळतात, पण डंबेल आहेत आणि भोईवाड्याचा एक मुलगा संध्याकाळी शिकवायला येतो. पहिल्या दिवशी त्याने चार किलोचा डंबेल उभा धरून छातीशी घ्यायला लावला, मागे बाक ठेवला आणि म्हणाला, "काका, बाकाला बूड टेकलं की लगेच वर. बसायचं नाही." मी खाली गेलो. टाचा उचलल्या गेल्या. त्याने त्याच्या बुटाने माझ्या टाचेवर हलकेच टिचकी मारली. पुन्हा. या वेळी गुडघे आत वळले. पुन्हा. सातव्या वेळेला माझ्या कपाळाची शीर फुगली असावी, कारण तो ओरडला, "श्वास, काका! श्वास सोडा वर येताना." श्वास कोंडून जोर लावला की बीपी एकदम चढतं. बीपीवाल्याने ते टाळायचं. तेव्हापासून मी वर येताना 'हू' असा आवाज काढतो. कोपऱ्यातली पोरं हसतात. हसू देत.

त्याचा नियम एकच. आठ-दहा वेळा उचलता येईल असं वजन, आणि शेवटच्या दोन वेळा तोंड वाकडं झालं पाहिजे, पण ढब बिघडता कामा नये. तोंड वाकडं होणं थांबलं, की वजन वाढव. आठवड्यातून दोन दिवस, मंगळवार आणि शुक्रवार. जागतिक आरोग्य संघटनाही २०२० पासून हेच सांगते, की आठवड्यात दीडशे ते तीनशे मिनिटं दम लागेल असं चालणं वगैरे, आणि त्याशिवाय निदान दोन दिवस स्नायूंना जोर. पासष्टच्या पुढे तोल सांभाळण्याचा व्यायाम तीन दिवस वेगळा. मी त्यातला पहिला अर्धाच भाग करत होतो आणि स्वतःला पैलवान समजत होतो.

दुसऱ्या महिन्यात माती खाल्ली. नातू सुट्टीला आला होता. त्याला मी माझ्या वडिलांबद्दल सांगत होतो. आमच्या चाळीच्या तळमजल्यावर व्यायामशाळा होती, मारुतीची तसबीर, लाल माती, मुद्गल. वडील गिरणीत. पाळी सुटली की तिथे दोनशे बैठका मारून मगच वर येत. नातू म्हणाला, "आजोबा, तुम्ही मारून दाखवा." मी सलग तीस मारल्या. त्या दिवशी काही झालं नाही. दुसऱ्या दिवशी पाय जड. तिसऱ्या दिवशी कमोडवर बसायचं म्हणजे टॉवेल टांगायची दांडी धरून, डोळे मिटून, देवाचं नाव घेऊन खाली सुटायचं. चार दिवस. ताण घेत घेत खाली जाताना स्नायूला बारीक इजा होतात आणि त्यांचं दुखणं दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी शिगेला पोहोचतं, हे मला भाचीने आधीच सांगितलेलं होतं. मी ऐकलेलं नव्हतं. ती रागावली नाही. "यातूनच दुरुस्ती होते, पण दुरुस्ती झेपेल एवढीच मोडतोड करायची," म्हणाली.

दुरुस्तीचं प्रकरण मात्र मला मनापासून आवडलं. प्रत्येक धाग्याच्या कडेला चिकटून छोट्या पेशी झोपलेल्या असतात. १९६१ मध्ये अलेक्झांडर माउरो यांनी त्या बेडकाच्या स्नायूत इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्या आणि त्यांना उपग्रह पेशी म्हटलं. धाग्याला ताण बसला की त्या जाग्या होतात, वाढतात, आणि त्यांतल्या काही धाग्यातच मिसळून जातात. म्हातारपणी त्या कमी होतात, तेही झटक्याच्या धाग्यांजवळच्या जास्त. भार दिला की पुन्हा हलतात.

दुसरं म्हणजे मायटोकॉन्ड्रिया. शाळेत आपण तंतुकणिका म्हणायचो, पेशीचं ऊर्जाघर, एका मार्काला हमखास. त्या पेशीत कायम एकसारख्या पडून असतात अशी माझी समजूत होती. तसं नाही. त्या जुळतात, तुटतात, जुन्या होतात, धूर ओकायला लागतात. खराब झालेल्या तंतुकणिकांना पेशीच मोडीत काढते आणि त्यांचा माल पुन्हा वापरते. पेशी स्वतःचाच कचरा कसा खाते याचा छडा लावल्याबद्दल जपानच्या योशिनोरी ओसुमी यांना २०१६ चं नोबेल मिळालं. व्यायामाने ही मोडतोड आणि नवी भरती दोन्ही वाढतात. नव्या भरतीचा पुरावा तर जुना आहे. १९६७ मध्ये जॉन हॉलोझी यांनी उंदरांना महिनोन्‌महिने ट्रेडमिलवर पळवलं, तेव्हा त्यांच्या स्नायूंतली ऊर्जा बनवणारी यंत्रणा जवळपास दुप्पट झाली होती. डेपोतही तेच. भंगारात काढायची गाडी वेळेत काढली नाही तर ती रस्त्यात बंद पडते आणि मागच्या दहा अडकतात. माझ्या चालण्याचा उपयोग इथे होता, म्हणून भाचीने ते बंद केलं नाही. फक्त मध्ये मध्ये तीन-तीन मिनिटं एवढ्या वेगाने चालायला लावलं, की बोलता येऊ नये. आमच्या ग्रुपला ते अजिबात आवडलं नाही. त्यांचं राजकारण अर्धवट राहायला लागलं.

मी तिला विचारलं होतं, "म्हणजे पेशी पुन्हा तरुण होतात?" ती म्हणाली, "तरुण नाही होत, मामा. कामाला लागतात."

आमच्याच मजल्यावरचे एक गृहस्थ मात्र 'पेशी तरुण करणारी' पावडर विकतात. महिन्याचा डबा चार हजार दोनशे रुपये, आणि आपण आणखी चौघांना घ्यायला लावला की आपला स्वस्त. तो विषय भाचीने मामीसमोर काढला, म्हणून डबा घरात आला नाही. त्यापेक्षा काही घ्यायचंच तर किडनीचा रिपोर्ट पाहून स्नायूंना झटक्याची ऊर्जा पुरवणारं क्रिएटिन रोज तीन ग्रॅम घ्या, त्याचा वजन उचलणाऱ्या वयस्कांना थोडाफार फायदा दिसलेला आहे, असं तिने सांगितलं. मी घेतो. मला वेगळं काही जाणवत नाही. बंदही केलेलं नाही.

खाण्याने मात्र डोळे उघडले. माझं वजन एकसष्ट किलो. म्हाताऱ्या माणसाला किलोमागे एक ते एक पॉइंट दोन ग्रॅम प्रोटीन हवं, तरुणापेक्षा जास्त, कारण वयाबरोबर स्नायू खाल्लेल्या प्रोटीनला नीट दाद देत नाहीत. म्हणजे मला सत्तरेक ग्रॅम. आठवडाभर वहीत लिहिलं. पस्तीस-चाळीसच्या पुढे जात नव्हतं. आम्ही मालवणी, घरात मासे, त्यामुळे मी निर्धास्त होतो. पण मासे बुधवार, शुक्रवार, रविवार. सोमवार, गुरुवार आणि शनिवार पाळायचे, त्यात गुरुवारी उपास आणि साबुदाण्याची खिचडी. साबुदाण्यात प्रोटीन जवळजवळ नाहीच, निव्वळ स्टार्च. जे काय ते दाण्याच्या कुटाचं. आता सकाळी दोन अंडी, पाळायच्या दिवशी उसळ आणि पनीर, आमटीला पाणी कमी, रात्री वाटीभर दही. उपास सोडलेला नाही, खिचडी सोडली. दाणे, दूध, राजगिरा. श्रावणात थोडं कठीण गेलं.

आणि श्रावण संपता संपता डेंग्यू झाला. पाच दिवस रुग्णालयात, एकूण अकरा दिवस आडवा. पपईच्या पानांचा रस सात घरांतून आला. बरा होऊन उठलो तेव्हा जिमच्या मुलाने मला पाहून 'अरे' एवढंच म्हटलं. २००७ साली अमेरिकेत काही धडधाकट, सदुसष्टच्या आसपासच्या माणसांना दहा दिवस नुसतं पलंगावर झोपवून ठेवलं होतं. दहा दिवसांत दोन पायांतलं मिळून जवळपास एक किलो मांस गेलं. आजार नसताना! मला तर तापही होता. खुर्चीची परीक्षा पुन्हा साडेचौदा सेकंद. सहा महिन्यांची कमाई अकरा दिवसांत. त्या संध्याकाळी मी डंबेलला हात न लावता वर आलो. खरं सांगायचं तर सोडून द्यायचं ठरवलं होतं.

सोडलं नाही याचं कारण माझा ड्रायव्हर मित्र. काळाचौकीला राहतो, माझ्याहून चार वर्षांनी मोठा. आमच्यात एक जुना वाद आहे. जेरेमी मॉरिस नावाच्या ब्रिटिश डॉक्टरांनी १९५३ मध्ये लंडनच्या बसवाल्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला होता. डबलडेकरवर दिवसभर जिना चढउतार करणाऱ्या कंडक्टरांना बसून गाडी हाकणाऱ्या ड्रायव्हरांपेक्षा हृदयविकार कमी. भाचीने हे सांगितल्यावर मी मित्राला मुद्दाम फोन केला होता. तो म्हणाला, "तुमच्या डबलडेकरवर कंडक्टर दोन होते. एक वर, एक खाली. जिना कोण चढत होतं?" मुद्दा बिनतोड होता. पुढे मॉरिस यांच्याच लोकांनी गणवेशाची मापं तपासली, तर ड्रायव्हरांच्या पँटची कंबर मुळातच जास्त, म्हणजे फरक सगळा कामाचाच नसावा. पण माझ्या या मित्राने पॉवर स्टिअरिंग नसलेल्या गाड्या ओढल्या, आणि त्याहून मुख्य म्हणजे व्यायामशाळा कधी सोडली नाही. भाचीच्या यंत्रावर त्याची मूठ छत्तीस किलो. डेंग्यूनंतर तो घरी आला, माझी मांडी दोन बोटांत धरून पाहिली आणि म्हणाला, "उद्या सकाळी येतो." महिनाभर तो काळाचौकीहून चालत यायचा आणि आम्ही दोघे माझ्या जिन्याला लागायचो. दुसऱ्यांदा ताकद लवकर आली. पहिल्या खेपेला जिथे पोहोचायला तीन महिने लागले होते, तिथे मी पाच आठवड्यांत होतो.

जानेवारीत भाचीने पुन्हा सगळं मोजलं. खुर्ची नऊ पॉइंट आठ सेकंद. मूठ एकोणतीस किलो, म्हणजे काठावर पास. पोटरी तेहतीस, अजून नापास. एचबीएवनसी सहा, थोडं उतरलंय. जेवणानंतरच्या साखरेचा मोठा वाटा स्नायूच शोषतात, आणि काम करणारा स्नायू इन्सुलिनची वाट न पाहताही साखर आत ओढतो. बाकावर बसण्याचा डंबेल आता बारा किलोचा आहे. डावा गुडघा कटकट वाजतो. दुखत नाही, नुसता वाजतो.

त्या दिवशी बायको ओट्याखाली विळी घेऊन खाली बसली होती, बांगडे साफ करत. भाचीने सहज यंत्र तिच्यापुढे धरलं, "मामी, तुम्ही दाबा." हिने पदराला हात पुसले आणि दाबलं. तेवीस. "एवढंच?" म्हणून पुन्हा दाबलं. चोवीस. मग विळी बाजूला सारून, हात न टेकता, जमिनीवरून सरळ उठून उभी राहिली, हात धुवायला. भाची माझ्याकडे बघत राहिली आणि मी खिडकीबाहेर. मघाशी चाळीची यादी सांगितली ना, त्यात एक गोष्ट मी सांगितलीच नाही. पहाटे पाण्याला तळमजल्यावर कोण जायचं? मी जिना चढायचो तो मोकळ्या हातांनी. ही चढायची ती कमरेवर हंडा घेऊन.

पण हिच्या हाडांचा रिपोर्ट काही चांगला नाही. टी-स्कोअर उणे दोन पॉइंट एक. उणे अडीचला ठिसूळपणा धरतात. स्नायू हाडाला ओढतो तेव्हाच हाडाला भक्कम राहण्याचा इशारा मिळतो, म्हणून भाचीने हिलाही वजन उचलायला सांगितलं. फक्त पुढे वाकून जमिनीवरून उचलायचं नाही, मणक्याला धोका. जिमला यायला ही तयार नाही. "त्या पोरांसमोर मी उठाबशा काढणार नाही."

चाळीतला तांब्याचा हंडा आमच्या हॉलच्या कोपऱ्यात आहे. पितांबरीने घासून, आत प्लास्टिकची फुलं घालून ठेवलेला. हिने फुलं काढली. हंडा डायनिंग टेबलावर ठेवला आणि दुधाच्या मापाने आत पाणी ओतायला लागली. भाची म्हणाली, "चार लिटर पुरे, मामी, आधी चार." हिने सहा ओतले. हंडा टेबलावरून कमरेवर घेतला, एक हात गळ्याभोवती, आणि हॉलमधून बाल्कनीपर्यंत गेली, परत आली, पुन्हा गेली. पाच फेऱ्या झाल्यावर भाचीने "दुसरी बाजू" म्हटलं. डाव्या कमरेवर हंडा नीट बसेना. थोडं पाणी फरशीवर सांडलं.

"ते पुसा आधी, घसराल," मला म्हणाली, आणि उरलेलं पाणी तुळशीला घालायला गेली.